खिळा न ठोकणारे सर

सरांना कोणी दुकानाची वेबसाइट करायला सांगितली की ते आधी त्या दुकानात जाऊन दिवसभर बसायचे. काही विचारायचे नाहीत, काही टिपून घ्यायचे नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल ओढायचे, कापडी पिशवी मांडीवर ठेवायचे आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं बघत राहायचे. मालकाने डबा उघडला की तेही आपला डबा उघडायचे. पांढरकवड्याच्या एका हार्डवेअरवाल्याने तर त्यांना आयकर खात्याचा माणूस समजून दिवसभर खिळ्यांच्या पुड्यांनाही पक्कं बिल दिलं, असं गावात सांगतात. खरं-खोटं मी एकदा सरांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, "मले काय मालूम? मी तं नुसता बसलो होतो."

कॉलेज संपल्यावर मी त्यांच्याकडे कामाला लागले. सोबतच्या मुली पुण्याला गेल्या. मी का गेले नाही याला घरची काही कारणं होती, ती इथे महत्त्वाची नाहीत. सरांची खोली हायवेला लागून, एका टायरवाल्याच्या दुकानावर होती. खाली हवेचा कंप्रेसर सुरू झाला की वर काही ऐकू येत नसे. सर तेवढा वेळ तोंड उघडं ठेवून थांबायचे आणि कंप्रेसर बंद झाला की जिथे तुटलं होतं त्या शब्दापासून वाक्य पुढे न्यायचे. नवीन माणसाला वाटायचं, यांना झटका आला.

त्याआधी त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मराठी-इंग्रजी दोन्ही. मशीनं भंगारात गेली, पण बोटं तशीच राहिली होती. ते कीबोर्ड इतक्या जोरात बडवायचे की त्याची अक्षरं उडून जायची, आणि त्यांना त्याची गरजही नसायची. मला मात्र त्यांच्या मशीनवर काम करताना कोरी बटणं बघून घाम फुटायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"कॉन्व्हेंटमधली ना तू?"

"हो सर."

"मंग इंग्रजीत भांडता येते?"

मी म्हटलं, भांडता मला कुठल्याच भाषेत येत नाही. ते म्हणाले, "चालते. शिकशील." त्या दिवसापासून मी "कॉन्व्हेंट मॅडम" झाले.

सर सगळ्या वेबसाइट एकाच फुकटच्या सांगाड्यावर उभ्या करायचे. जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी मिळून तो लिहिला होता. कोणालाही तो उघडून वाचता येई, घेता येई, बदलता येई. दुकान मांडायला लागतं ते सगळं त्यात तयार होतं: माल, टोपली, ऑर्डर, पत्ता, पावती. त्याला सर गाभा म्हणायचे. प्रत्येक दुकानाचं जे काही वेगळं असेल ते वेगळा तुकडा लिहून बाहेरून जोडायचं. त्यासाठी गाभ्यात ठिकठिकाणी जागा सोडलेल्या असतात, जिथे आपला तुकडा अडकवता येतो. कॉलेजात आम्ही त्यांना हुक म्हणायचो. सर खुंटी म्हणायचे.

"खुंटी दिसली तं पिशवी टांगायची," ते सांगायचे. "नाही दिसली तं पिशवी हातात धरायची. पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही."

"पण सर, कोड तर खुला आहे. आपल्या प्रतीत आपण काहीही बदलू शकतो."

"शकतो ना. शेजाऱ्यानं घराची किल्ली देल्ली म्हणून आपण त्याचं न्हाणीघर फोडतो काय?"

याच्या मागे एक साधं कारण होतं. गाभ्याची नवी आवृत्ती दर थोड्या दिवसांनी यायची. गाभा जसाच्या तसा असेल तर ती मुकाट चढायची. कुठे खिळा ठोकलेला असेल तर नवी भिंत येताना तो खिळाही जायचा आणि त्यावर टांगलेलंही. मग लोक नवी आवृत्ती घेणंच सोडून देतात, वेबसाइट जुनी होत जाते आणि एक दिवस ती कोणी फोडतो. हे सगळं खरंच होतं. पण सरांच्या बाबतीत ते नुसतं कारण उरलं नव्हतं. तो त्यांचा सोवळेपणा होता. "माह्यामागून जो येईन," ते म्हणायचे, "त्याले उघडल्याबरोबर समजलं पायजे." हा मागून येणारा माणूस त्यांच्या बोलण्यात सारखा असायचा. इतका की एखादा तुकडा नीट लिहिला गेला नाही तर ते दाराकडे बघायचे.

वेबसाइट तयार झाली की ते सगळे पासवर्ड पाकिटात घालून मालकाच्या हातात देत. पेढ्याबरोबर. आमच्या धंद्यात हे कोणी करत नाही. पासवर्ड आपल्याकडे ठेवला की गिऱ्हाईक जातं कुठे? समोरचा झेरॉक्सवाला त्यांना म्हणायचा, "सर, नागपूरचे वेबसाइटवाले किल्ली कमरेला बांधतात, तुम्ही पेढ्यासंगं वाटता." सर म्हणायचे, "माहा पेढा खाऊन जाईल तो जाईल."

ताई मात्र टिकून होत्या. त्यांचं बसस्टँडमागे शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बॉबिन, शटल, सुया, पट्टे, पायडल. दुकानात शिरलं की सर "जय भीम ताई" म्हणायचे आणि ताई "जय भीम. बसा, पण आज काम आहे, दिवसभर बसू नका," असं म्हणायच्या. ताईंची बहुतेक गिऱ्हाइकं बायका. आजूबाजूच्या खेड्यांतल्या, तांड्यांवरच्या, जंगलाकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या. उन्हाळ्यात या बायकांच्या बचत गटांना शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम मिळायचं. मशीन बंद पडलं तर एका पट्ट्यासाठी दिवस मोडून पांढरकवड्याला यावं लागे. म्हणून ताईंनी वेबसाइट करून घेतली. बाईने मोबाइलवरून मागवायचं, ताईंनी पुडकं काळी-पिवळी जीपवाल्याकडे द्यायचं आणि त्याने ते त्या बाईपर्यंत पोचवायचं.

ते मस्त चाललं होतं. मग त्या उन्हाळ्यात गाभ्याची नवी आवृत्ती आली आणि त्यात पत्ता तपासण्याची सोय आली. घर क्रमांक, गल्ली, पिनकोड. लिहिलेली गल्ली नकाशात सापडली तरच ऑर्डर पुढे जायची. नाही सापडली तर लाल अक्षरांत यायचं: तुमचा पत्ता चुकीचा आहे.

पोडावर गल्ली नसते. तांड्यावरही नसते. घर क्रमांक ग्रामपंचायतीच्या वहीत असतो, तो घरातल्या माणसालाही माहीत नसतो. ऑर्डरी बंद झाल्या. ताई जिना चढून वर आल्या, तेव्हा त्यांच्या मागे टायरवालाही आला होता, कारण त्यांचा आवाज त्याला कंप्रेसरवरून ऐकू आला होता.

"सर, शाळा उघडायच्या आत कपडे द्याचे असतात. माह्या बाया मशीन उघडून बसल्या आहेत. पट्टा नाही भेटला तं त्याईचं काम दुसऱ्या गटाले जाईन. पुढच्या साली तेही नाही."

सरांनी बघितलं. तपासणी गाभ्याच्या अगदी आत होती आणि तिथे खुंटी नव्हती. बाहेरून काही अडकवायला जागाच नव्हती. मलाही दिसत होतं की एक ओळ काढून टाकली तर काम होईल. सरांनाही दिसत होतं.

"मी त्याईले खुंटी मागतो," सर म्हणाले.

"कोनाले?"

"ज्याईनं भिंत बांधली त्याईले."

"ते कुठं राह्यते?"

सरांनी पंख्याकडे बोट दाखवलं. म्हणजे फार लांब, सगळीकडे. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, तूच सांग व याले." मी कोऱ्या बटणांकडे बघितलं.

सरांनी दोन गोष्टी केल्या. एक, आपला जोडतुकडा लिहून ठेवला. त्यात गल्लीच्या जागी "खूण" होती, आणि खुणेचे पाच प्रकार निवडायला दिले होते: देऊळ, शाळा, झाड, थांबा, दुकान. त्यावर ते फार खूश होते. दुसरी गोष्ट म्हणजे गाभा सांभाळणाऱ्या लोकांना पत्र. ते खोलीत येरझारा घालत सांगायचे आणि मी इंग्रजीत लिहायचे.

"लिही. भाऊ, आमच्याकडे गल्लीच नाही, तं गल्लीचं नाव कुठून आणू? तुमच्या गावात सारेच लोक रांगेत राह्यते म्हणून आमीही राहावं काय?"

मी लिहिलं की आमच्या ग्रामीण भागात औपचारिक रस्त्यांची नावं बहुधा उपलब्ध नसतात, तरी याचा कृपया विचार व्हावा.

सर माझ्या खांद्यावरून वाचायचे. इंग्रजी त्यांना टायपिंगपुरतं येतं असं ते म्हणत, पण तेवढं बरंच होतं. "तू माहं बोलणं इस्त्री करून पाठवून राह्यली," ते म्हणाले. "जाऊ दे. पाठव."

उत्तर आठवड्याभरात आलं. सभ्य होतं. असे ग्राहक फार थोडे असतात, त्यांच्यासाठी गाभ्यात बदल करणं योग्य ठरणार नाही. आपण आपल्या प्रतीत हवा तो बदल जरूर करून घ्यावा.

मी ते मराठीत सांगितलं. खाली कंप्रेसर सुरू झाला. तो थांबेपर्यंत सर तसेच उभे होते.

"थोडे?" ते म्हणाले.

ताईंना मात्र या उत्तराने जोर आला. "आता तं ते स्वतःच म्हणून राह्यले की बदला! मंग तुमचं काय अडलं? मालक हो म्हणते आणि भाडेकरू नाही म्हणते, असं मी कुठं पाह्यलं नाही. नागपूरवाला एका तासात करून देतो म्हणते."

"पासवर्डचं पाकीट आहे ना तुमच्यापाशी?" सर शांतपणे म्हणाले. "द्या त्याले. मी काही बोलणार नाही. तो खिळा ठोकून देईन, तुमचं काम चालू होईन. पण पुढच्या वेळेस नवीन आवृत्ती आली की तुमच्या बाया पुन्हा बंद. आणि ज्याच्या गावात गल्ली नाही असा दुकानदार का तुम्ही एकट्याच आहे?"

"मले दुसऱ्या दुकानदाराचं काय करायचं आहे? मले माह्या बाया दिसते."

मला ताईंचं पटत होतं. अजूनही, कोणी सरांचा हट्ट मोठा करून सांगायला लागलं की मला ताई आठवतात. तत्त्व सरांचं होतं आणि मशीन उघडून दुसऱ्याच बायका बसल्या होत्या. हे सरांनाही कळत असावं, कारण ते बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. मग म्हणाले, "खुंटी भेटेपर्यंत मी खुंटी."

त्यांनी ताईंच्या वेबसाइटवर सगळ्यात वर एक ओळ टाकली. पत्ता लागत नसेल तर फोन करा. खाली स्वतःचा नंबर. बाई फोन करायची, सर तिची ऑर्डर आपल्या हाताने भरायचे. पत्त्याच्या चौकटीत ताईंच्या दुकानाची गल्ली टाकायचे आणि खरा पत्ता कागदाच्या चिठ्ठीवर पुडक्याला चिकटवायचे. ताई म्हणाल्या, "शाळा उघडेपर्यंत पाहाते. मंग नागपूर."

पहिलाच फोन एका पोडावरच्या बाईचा होता. म्हातारा आवाज. "सर का? सुनेच्या मोबाइलवर पाह्यलं. ते माहं घर चुकीचं आहे म्हनते जी."

सर खुर्चीत सरळ बसले. "घर चुकीचं नाही माय. विचारणाऱ्याचं चुकलं. तुम्ही सांगा."

फोन दिवसभर वाजायला लागला. सर कधी इतके बोललेले मी बघितले नव्हते. आणि त्यांच्या पाच प्रकारांपैकी एकही पुरा पडत नाही, हे चार-सहा फोनांतच उघडं पडलं. देऊळ, थांबा, पानाचं दुकान या बाजाराला जाणाऱ्या माणसाच्या खुणा होत्या. सरांच्या. बायका सांगायच्या ते वेगळंच. हातपंपाच्या वरच्या अंगाला. अंगणवाडीच्या मावशींच्या घरी द्या, त्या देतात. निळं दार. जिथे बकऱ्या बांधलेल्या आहेत तिथे नाही, त्याच्या मागे. एकीने सांगितलं, "दुपारी आलात तं मोहाच्या झाडाखाली भेटेन, संध्याकाळी घरी." सरांनी मला विचारलं, "हा पत्ता कोणत्या प्रकारात टाकू?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी पाचही प्रकार पुसून टाकले आणि तिथे एक मोकळी, लांब चौकट ठेवली. "मी बैताड," ते म्हणाले. "त्याईनं गल्ली विचारली म्हणून रागावलो, आणि मी देऊळ विचारलं."

दरम्यान मी आणखी एक पत्र लिहिलं होतं आणि त्यात खुंटीला "खूण" असं नाव सुचवलं होतं. त्यावर तिकडून निरोप आला की महिन्याची ऑनलाइन बैठक आहे, नुसत्या आवाजावर, कोणीही येऊ शकतं, तिथे मांडा. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. मी दोन पानं लिहून, घोकून तयारी केली. परक्या लोकांसमोर बोलायची मला धास्तीच. शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे.

सर शेजारी स्टुलावर बसले होते, पिशवी मांडीवर. टायरवाल्याला त्यांनी खाली जाऊन कंप्रेसर बंद ठेवायला सांगितलं होतं. आमची पाळी आली. मी पहिलं वाक्य वाचलं. पत्रातलंच, घडी घातलेलं. ज्यांनी नकार लिहिला होता तेच गृहस्थ म्हणाले, हो, हे आम्ही वाचलं आहे. अपुऱ्या पत्त्यांचा प्रश्न आम्हाला समजतो.

सरांनी माझ्या हातातली पानं काढून घेतली.

"अपुरा?" ते हळूच म्हणाले. "त्याले सांग, पूर्ण पत्ता ऐक. मी म्हणतो तसं म्हण. इस्त्री नको करू."

आणि ते त्या पहिल्या म्हाताऱ्या बाईचा पत्ता सांगायला लागले. थांबून थांबून, एकेक तुकडा. मी मागोमाग इंग्रजीत म्हणत गेले. काळी-पिवळीतून फाट्यावर उतरा. शाळा डाव्या हाताला टाका. नाल्यात पाणी नसेल तर नाल्यातून या, असेल तर पुलावरून. पुढे हातपंप. त्याच्या वरच्या अंगाला बांबूचं कुंपण, निळं दार. दार लोटलेलं असलं तर मी आत आहे. कडी असली तर शेतात आहे, आवाज द्या.

"आवाज द्या"ला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला चटकन सुचलं नाही. मी म्हटलं, मोठ्याने हाक मारा, ती येईल. तेही मी मोठ्यानेच म्हटलं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

पलीकडून मग एक बाई, कुठल्यातरी डोंगराळ देशातल्या, म्हणाल्या की माझी आई असाच पत्ता सांगते. आणखी एकाने सांगितलं की त्याच्या गावात रस्त्यांना नावं आहेत पण पाट्या नाहीत. दोन-तीन जण एकदम बोलायला लागले. नकारवाले गृहस्थ सगळं ऐकून घेत होते. शेवटी ते म्हणाले, तपासणीच्या आधी एक हुक देता येईल. मात्र तो रिकामा असावा. खूण वगैरे नाव त्याला नको. ज्याला जे अडकवायचं असेल ते त्याने अडकवावं.

मी सरांना सांगितलं. वाटलं, आपण सुचवलेलं नाव गेलं म्हणून त्यांना वाईट वाटेल.

"शहाणा आहे," सर म्हणाले. "रिकामीच पायजे. नाहीतर पुन्हा देऊळ आणि थांबा."

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले असताना नवी आवृत्ती आली. सरांनी ती चढवली, आपला जोडतुकडा खुंटीला टांगला आणि ताईंना दुकानात बसूनच स्वतःच्या मोबाइलवरून एक ऑर्डर टाकायला लावली. ताईंनी गल्लीशिवाय माहेरचा पत्ता टाकला. लाल अक्षरं आली नाहीत. ताईंनी मोबाइल उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "इतक्यासाठी माहं अर्धं डोकं पिकलं." मग गल्ल्यावरच्या बाईला म्हणाल्या, "सरले चहा सांग. मोठा."

त्याच दिवशी सरांनी आपला नंबर वेबसाइटवरून काढला. ताई म्हणाल्या, "राहू द्या ना, कोनाले अडचण आली तं?" सर म्हणाले, "खुंटी लागली. आता माणूस कायले टांगून ठेवता?"

ऑर्डरी आपल्या आपण येऊ लागल्या. मोकळ्या चौकटीत बायका हवं ते लिहायच्या, काळी-पिवळीवाले ते वाचून पुडकी पोचवायचे. बचत गटांचं काम वेळेत गेलं. खोलीत शांतता झाली. सर टेबलावरचा फोन अधूनमधून उचलून बघायचे, बॅटरी आहे की नाही असं दाखवत. मी खाली मान घालून काम करायचे.

एका दुपारी तो वाजला. पोडावरची ती म्हातारी बाई होती. मला समोर स्क्रीनवर दिसत होतं, तिची ऑर्डर सकाळीच येऊन पडली होती. सुनेने भरली असावी. सुयांचं पाकीट, आणि खाली सबंध पत्ता, निळ्या दारापर्यंत, स्वच्छ. मी सरांना ते दाखवायला स्क्रीन वळवली. त्यांनी एक नजर टाकली आणि हाताने मला थांब म्हटलं.

"सांगा माय," ते फोनमध्ये म्हणाले.

तिने फाट्यापासून सुरुवात केली. शाळा, नाला, हातपंप. खाली कंप्रेसर सुरू झाला, तसे सर उठून खिडकीपासून लांब भिंतीकडे गेले आणि दुसरा कान बोटाने बंद करून ऐकत राहिले. मध्ये एकदाही "मालूम आहे" म्हणाले नाहीत. बरंच बोलून झाल्यावर तिने काहीतरी विचारलं असावं.

"हो माय, लिहून घेतलं," सर म्हणाले. त्यांच्या हातात पेन नव्हतं.